विनोद, दुखावलेल्या भावना आणि कलम २९५-अ

एखाद्या कॉमेडियनचा व्हिडिओ फिरला की आपल्या घरांतही वाद होतो. थोरले म्हणतात, 'हे बंद झालं पाहिजे.' पोरं म्हणतात, 'विनोदच आहे, सोडा ना.' कायदा काय म्हणतो, ते मुनव्वर फारुकी प्रकरणातून समजून घेऊ या.

इंदूरमध्ये काय घडले?
जुनागडमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईच्या डोंगरीत राहिलेल्या मुनव्वरला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमधील कार्यक्रमात अटक झाली. हिंदू देवदेवता आणि गृहमंत्री अमित शहा यांच्यावर आक्षेपार्ह विनोद केल्याची तक्रार भाजप आमदाराच्या मुलाने दिली होती. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. तोवर पोरगा महिनाभराहून जास्त काळ तुरुंगात होता. तक्रारीतले आरोप मोघम आहेत आणि अटकेआधीची कायदेशीर पद्धत पाळली गेली नाही, हे म्हणणे न्यायालयाने विचारात घेतले.

कलम आले कुठून?
लाहोरमध्ये छापलेल्या 'रंगीला रसूल' या पुस्तकात पैगंबर साहेबांची (स.) विटंबना झाली होती. त्याचा प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटला आणि मुस्लिमांमध्ये संताप उसळला. त्यानंतर १९२७ मध्ये हे कलम आले. म्हणजे आपल्या दुखावलेल्या भावनांतून आलेले कलम पुढे आपल्याच पोरावर लागले.

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. पण धर्माचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असेल तरच तो गुन्हा, असे स्पष्ट केले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे.

गुन्हा नाही, तरी चूक?
ऑगस्ट २०२४ मध्ये मुनव्वरनेच कोकणी माणसांबद्दल अपशब्द वापरला. कोकणात आपलीही घरे आहेत, राग येणारच. त्याने जाहीर माफी मागितली. एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करू नये, ही कुरआनच्या सूरह हुजुरातची शिकवण आहे. ती बोलणाऱ्याने पाळायची असते. तिच्यासाठी तुरुंग लागत नाही.

म्हणून काही खटकले तर आधी पूर्ण व्हिडिओ पाहावा आणि हेतू तपासावा. निषेध जरूर करावा. पण मुनव्वरसाठी आपण जो न्याय मागितला, तोच आपल्याला न आवडणाऱ्या कॉमेडियनलाही द्यावा लागेल.