काकांची पुडी आणि अर्जुनाची साल

आजची गोष्ट चिकपेटेतली आहे, आणि थोडी आमच्या घरचीही.

चिकपेट म्हणजे केंपेगौडांनी 1537 च्या सुमारास वसवलेल्या जुन्या बंगळुराचा गाभा. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांकडे आलं आणि इथल्या पेठांत मराठी कानावर पडू लागलं. आज चिकपेट साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण आसपासच्या गल्ल्यांत 'ग्रंधिगे अंगडी', म्हणजे आपलं काष्ठौषधींचं दुकान, अजून सापडतं. तिथे 'होळेमत्ती' मागितली की अर्जुनाची साल मिळते. आपण त्याच झाडाला अर्जुनसादडा म्हणतो.

माझे काका तिथूनच पूड आणायचे. हृदय अशक्त, डॉक्टरांच्या गोळ्या चालू. एकदा फोनवर कुणाचा तरी संदेश आला आणि काकांनी गोळ्या बंद करून नुसता काढा सुरू केला. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, हजारो वर्षांचं हृदयाचं औषध आहे!" तीन आठवड्यांत पाय सुजले, जिना चढताना दम लागू लागला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. खरंच हजारो वर्षं?

ग्रंथ पाहिले तर गंमत दिसते. चरकसंहितेत अर्जुन येतो तो अंगावर गांधी उठतात त्यावरच्या गणात. सुश्रुतात ककुभाची, म्हणजे अर्जुनाची साल मोडलेल्या हाडाला आधार द्यायला, पट्टीसारखी बांधायला सांगितली आहे. हृदयरोगाशी तिचं नातं जोडण्याचं श्रेय साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाला देतात. पुढे अकराव्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्ताने ती दूध-तुपाबरोबर द्यायला सांगितली. म्हणजे साल तीच, पण काळाप्रमाणे तिचं काम बदललं. आपले वैद्य बघत होते, सुधारत होते.

ही बघण्याची सवय मराठी राजघराण्यातही दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी बंगळुरातूनच तंजावरला गेले. त्याच घराण्यातल्या सरफोजी दुसऱ्यांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) तिथे धन्वंतरी महाल चालवला. देशी आणि विलायती, दोन्ही पद्धतींचे जाणकार तिथे एकत्र काम करत. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महालात आजही आहेत. औषध जुनं आहे एवढ्यावर भागत नाही, दिल्यावर काय झालं ते लिहावं लागतं.

आता अलीकडच्या नोंदी बघू. 1995 मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय फार कमकुवत झालेल्या 12 रुग्णांना सालीचा अर्क दिला, 500 मिलिग्रॅम दर आठ तासांनी. फायदा दिसला. पण नीट ऐका: नेहमीची औषधं चालू ठेवून! 2016 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांचा 100 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद वाढली नाही. काहींची हालचाल आणि त्रास मात्र थोडा सुधारला. म्हणजे साल निरुपयोगी नाही, पण गोळीची जागा घेणारीही नाही.

आणखी एक. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, फिकट राखाडी असते, आतून गुलाबीसर. त्याचाच भाऊबंद ऐन. त्याची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी तडकलेली. तुकडा हातात असेल तर फरक कळतो. पूड झाली की कोण ओळखणार? म्हणून पूड किंवा कॅप्सूल घ्यायचीच असेल तर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक बघा. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि वैद्यांकडे जाल तेव्हा चालू गोळ्यांची यादी त्यांनाही दाखवा.

काका आता बरे आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. सदऱ्याच्या खिशात एक छोटी वही असते. काय घेतलं, किती घेतलं, पाय सुजले का, सगळं तिच्यात. परवा मी म्हटलं, "काका, तुम्ही तर सरफोजीराजे झालात!" ते हसले आणि वहीत त्या दिवशीचं वजन लिहू लागले.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.