वीव्ह पोल : छोट्या कुत्र्याचे शिक्षण

अ‍ॅजिलिटी या श्वानक्रीडेतील एक अडथळा. सरळ रेषेत उभे केलेले खांब आणि त्यांच्यामधून एकही गाळा न चुकवता नागमोडी पळत जायचे, इतकेच त्याचे स्वरूप. पाहायला सगळ्यांत साधा, शिकवायला सगळ्यांत वेळखाऊ. उडी मारणे, बोगद्यात शिरणे, चढणीवर चढणे यांत कुत्र्याच्या उपजत हालचाली कामी येतात. उभ्या काठ्यांच्या रांगेतून डावे-उजवे करत जाण्याचे मात्र कुठल्याच कुत्र्याला स्वतःहून कारण नसते. बाजूला मोकळी जमीन असताना तो कडेने सरळ निघून जातो, आणि त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच असते.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या (एफसीआय) नियमांनुसार स्पर्धेत १२ खांब असतात. खांबाची जाडी ३ ते ५ सेंमी., उंची १ ते १.२ मी. आणि दोन खांबांमधील अंतर ६० सेंमी. पूर्ण रांग जवळपास ७ मी. भरते. अमेरिकन केनेल क्लबच्या (एकेसी) स्पर्धांत हे अंतर २४ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच असते. नवशिक्यांच्या गटात ६ खांब आणि वरच्या गटात १२. कुत्र्याने पहिल्या व दुसऱ्या खांबांमधून आत शिरायचे आणि शिरताना पहिला खांब त्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा. बारा खांबांत अकरा गाळे पडतात. त्यामुळे बाहेर पडताना शेवटचा खांब उजव्या अंगाला राहतो. प्रवेश चुकला तर एफसीआयच्या नियमांत तो ‘नकार’ धरतात, आणि तीन नकार झाले की कुत्रा बाद. मध्येच गाळा सुटला तर दोष लागतो, शिवाय चूक दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अ‍ॅजिलिटीचा खेळ ब्रिटनमधला. १९७८ साली लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात भरलेल्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढण्यासाठी समिती-सदस्य जॉन व्हार्ली यांनी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने एक प्रात्यक्षिक बसवले. कल्पना घोड्यांच्या शो-जंपिंगवरून घेतलेली होती. लोकांना ते इतके आवडले, की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळाचे नियम तयार केले.

छोट्या कुत्र्याचा प्रश्न निराळा ठरतो तो एका साध्या कारणामुळे. अ‍ॅजिलिटीत उड्यांचे साहित्य कुत्र्याच्या उंचीप्रमाणे बदलते. एफसीआयच्या ‘स्मॉल’ गटात, म्हणजे खांद्यापाशी ३५ सेंमी.पेक्षा कमी उंचीच्या कुत्र्यांसाठी, उडीचा दांडा २५ ते ३० सेंमी.वर असतो, ‘लार्ज’ गटात तो ५५ ते ६० सेंमी.वर जातो. ज्यातून उडी मारायची तो टायर खाली येतो, लांब उडी आखूड होते. वीव्ह पोलमधील ६० सेंमी. मात्र सर्वांना सारखेच. मोठ्या बॉर्डर कोलीला जो गाळा अंग मुरडल्याशिवाय पार होत नाही, तोच छोट्या पॅपिलॉनला ऐसपैस दरवाजासारखा वाटतो. त्यामुळे छोट्याला वाकण्याचा त्रास कमी. पण गाळा चुकवून सरळ पुढे सरकण्याचा मोह जास्त, आणि पावलेही जास्त टाकावी लागतात. मोठ्या कुत्र्यांवर बसवलेली शिकवण्याची तंत्रे जशीच्या तशी उचलली की फसतात ती इथेच.

चाल नीट पाहिली तर हा फरक डोळ्यांना दिसतो. उंच, लांब पाठीचे कुत्रे बहुधा प्रत्येक खांबाशी पुढचा एकेक पाय टाकत, पोहल्यासारखे जाते. बुटके कुत्रे पुष्कळदा पुढचे दोन्ही पाय जोडून टेकवते आणि खांबागणिक टुणटुण उडते; काही दुडक्या चालीने, तर काही गाळ्यात एक जादा पाऊल टाकून सरळ धावतात. यांपैकी कुठलीच चाल चुकीची नाही. कुत्र्याला त्याची लय सापडू द्यावी. दुसऱ्याच्या कुत्र्याची चाल त्याच्यावर लादण्यात केवळ वेळ जातो. वेगवान कुत्री बारा खांब तीन सेकंदांच्या आत संपवतात, पण तो वेग लयीच्या पाठोपाठ येतो.

सुरुवात करण्याआधी वय आणि हाडे पाहावी लागतात. छोट्या जातींच्या हाडांची वाढ साधारण आठ ते बारा महिन्यांत पूर्ण होते. त्याआधी पूर्ण रांग वेगात करवून घेऊ नये. दोन खांबांमधून चालत जाण्यापुरता खेळ पुरे. स्पर्धेत उतरण्याचे किमान वय एकेसीकडे १५ महिने, तर एफसीआय व ब्रिटनच्या केनेल क्लबकडे १८ महिने आहे. पॉमेरेनियन, चिवावा यांसारख्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा विकार बराच आढळतो. पळता पळता कुत्र्याने मागचा एक पाय उचलून दोन-तीन पावले लंगडी घातली आणि पुन्हा काही झालेच नाही असे पळू लागले, तर ते लाडिक नखरे समजून सोडून देऊ नये, पशुवैद्याला दाखवावे. डॅक्सहुंडच्या पाठीच्या मणक्यांतील चकत्या नाजूक असतात, म्हणून त्याच्या बाबतीत वैद्याचा सल्ला आधी आणि खांब नंतर.

बक्षीस कसे आणि कुठे द्यायचे, यावर पुढचे सगळे ठरते. तीन-चार किलोच्या कुत्र्याचे पोट भरायला वेळ लागत नाही, म्हणून खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो, आणि तो दिवसाच्या जेवणातून वजा करायचा. खाऊ हाताने भरवू नये. पुढच्या रेषेत, जमिनीलगत टाकावा किंवा तिथे आधीच वाटी ठेवावी. छोट्या कुत्र्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे एक उंच मनोरा. खाऊ हातातून मिळतो हे एकदा कळले की मान वर, नजर हाताकडे, आणि खांब दिसेनासे. नाकापुढे तुकडा धरून कुत्र्याला खांबांतून ओढत नेण्याची पद्धत आजही सर्रास दिसते. त्या वाटेने जाणारे कुत्रे हातामागे जायला शिकते, खांबांतून जायला नाही. हात बाजूला झाला की शिक्षणही संपते. गळपट्ट्याला दोरी बांधून डावे-उजवे खेचणे तर त्याहून वाईट, कारण कुत्रे त्यात खांबांनाच घाबरू लागते.

रूढ पद्धती तीन-चार आहेत. तिरक्या खांबांच्या पद्धतीत खांबांचे बुड एका रेषेत ठेवून ते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे कलते करतात, म्हणजे मधून इंग्रजी ‘व्ही’सारखी मोकळी वाट तयार होते, मग आठवड्यागणिक खांब थोडे थोडे उभे करत आणायचे. मोठ्या कुत्र्याला ही वाट ऐसपैस मिळते. छोट्याला मिळत नाही, हे भूमितीवरूनच कळते : ४५ अंशांत कललेला खांब जमिनीपासून ५० सेंमी. उंचीवर रेषेपासून ५० सेंमी. दूर असतो, पण १५ सेंमी. उंचीवर फक्त १५ सेंमी. छाती जमिनीजवळ असलेल्या कुत्र्यासमोर येतात ती खांबांची बुडे, आणि ती पहिल्या दिवसापासून एका रेषेत असतात.

गल्लीच्या पद्धतीत खांबांच्या दोन समांतर ओळी करून मधल्या गल्लीतून कुत्र्याला सरळ पळवतात आणि गल्ली रोज थोडी अरुंद करत शेवटी दोन्ही ओळी एक करतात. पुढे पाहून धावायची सवय आणि वेग या पद्धतीत छान येतो. छोट्या कुत्र्याची अडचण शेवटी उभी राहते. त्याचे अंग इतके अरुंद, की गल्ली वीतभर उरेपर्यंत ते मुरडल्याशिवाय निघून जाते. मोठ्या कुत्र्याला वळण हळूहळू उमगते. छोट्याला ते अखेरच्या काही सेंटिमीटरांत एकदम शिकावे लागते, म्हणून तिथे गती खूप कमी ठेवावी आणि एका वेळी बोटभरच सरकावे. खांबांना बाहेरून तारा किंवा लवचीक नळ्या लावून वाट बांधून देण्याचाही प्रघात आहे. या तारा कुत्र्याच्या छातीच्या उंचीला हव्यात. मोठ्या कुत्र्यासाठी लावलेल्या तारेखालून छोटे कुत्रे बिनदिक्कत निघून जाते आणि चुकीचा रस्ता पक्का करून घेते.

प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते छोट्या कुत्र्याला सर्वांत मानवते ती कॅनडाच्या प्रशिक्षक सुझन गॅरेट यांनी प्रचलित केलेली ‘टू बाय टू’ पद्धत, म्हणजे दोन-दोन खांबांच्या जोड्यांची. पहिल्या दिवशी फक्त दोन खांब, आणि तेही कुत्र्याला समोर उघडे दार दिसावे असे त्याच्या वाटेला आडव्या रेषेत उभे केलेले. कुत्र्याने स्वतःहून मधून पाऊल टाकले की खाऊ किंवा खेळणे त्याच्या पलीकडे, पुढच्या रेषेत पडते. हाक नाही, हातवारे नाहीत, चुकले तर रागावणेही नाही. चुकलेल्या फेरीला फक्त बक्षीस नसते. थोड्याच वेळात कुत्रे दार शोधू लागते. मग जोडी जराशी वळवायची, आणखी वळवायची, स्पर्धेच्या रेषेत येईपर्यंत. पुढे काही मीटरांवर दुसरी जोडी मांडायची, दोन्ही पार केल्यावरच बक्षीस, आणि जोड्या जवळ आणत चार खांबांची रांग करायची. चारातून सहा, सहा-सहाचे दोन गट जोडून बारा. या साऱ्यात कुत्र्याला वाट दाखवणारे काही नसते; वाट त्यालाच शोधावी लागते, म्हणून नंतर काढून घ्यायचेही काही उरत नाही.

या पद्धतीची खरी ताकद प्रवेशात दिसते. पहिल्या खांबाभोवती घड्याळाची तबकडी कल्पून कुत्र्याला निरनिराळ्या आकड्यांवरून सोडतात. समोरून सोपे, उजव्या बाजूने तिरके येताना दार आपोआप दिसते, डावीकडून येताना मात्र कुत्र्याला पहिल्या खांबाला वळसा घालून आत वळावे लागते आणि तिथेच ते दुसऱ्या गाळ्यात घुसते. छोट्या कुत्र्याला हा वळसा शरीराने जमतो, कारण त्याला वळायला जागा कमी लागते. अडते ते वेग आवरण्यापाशी. म्हणून अवघड कोनातून आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग पळत, आणि प्रत्येक वेळी हँडलर (कुत्र्याला धाववणारा माणूस) कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या. एकाच बाजूची सवय लागलेले कुत्रे स्पर्धेत अर्ध्या वेळा परके होते.

दुसरी प्रसिद्ध चूक दहाव्या खांबापाशीची. रांग संपत आली की हँडलरची नजर पुढच्या अडथळ्याकडे जाते, पाठोपाठ खांदा वळतो, आणि कुत्रे शेवटचे दोन गाळे टाकून त्याच्या मागे बाहेर पडते. दोष कुत्र्याला लागतो, चूक माणसाची असते. यावर उपाय सरावातच : कुत्रे रांगेत असताना हँडलरने मुद्दाम थांबावे, पुढे पळावे, बाजूला सरकावे, पाठमोरे व्हावे, आणि बक्षीस नेहमी शेवटच्या खांबाच्या पुढे पडावे. छोट्या कुत्र्याच्या अगदी जवळून, वाकून, टाळ्या वाजवत धावणारे हँडलर त्याला प्रोत्साहन देत नसतात, दडपत असतात. हातभर अंतर सोडून ताठ धावले तर त्याला रांग दिसते.

सरावाचे साहित्य घरी करता येते. सहा बोथट लोखंडी सळया जमिनीत रोवून त्यांवर वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे मीटरभर तुकडे बसवले की काम भागते. सळईचे टोक पाइपच्या आत राहील याची खात्री करावी. सळया मोजपट्टी लावूनच रोवाव्यात. छोटे कुत्रे आहे म्हणून ४० सेंमी.वर खांब लावले तर त्याची लय चुकीच्या अंतरावर बसते आणि स्पर्धेत तुटते. गवत कापलेले हवे. माणसाच्या घोट्याएवढे गवत बुटक्या कुत्र्याच्या पोटाला लागते. पट्टीवर बसवलेले तयार खांब असतील तर पट्टीची कड पंजाला लागणार नाही हे पाहावे. महाराष्ट्रात घरोघरी पॉमेरेनियन म्हणून ओळखले जाणारे कुत्रे बहुधा इंडियन स्पिट्झ असते. ते चपळ आणि शिकायला तयार असते, पण अंगावर दाट केस असल्याने उन्हाळ्यात पहाटेच बाहेर काढावे. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नको. एका बैठकीत मोजक्या फेऱ्या पुरतात. कुत्र्याला अजून हवे असतानाच खांब बाजूला ठेवावेत. दमलेले कुत्रे गाळे सोडू लागते आणि तीच सवय पक्की होते.

छोटी कुत्री या अडथळ्यात मागे पडतात ही समजूत निकालांवर टिकत नाही. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात २०१४ पासून अ‍ॅजिलिटीची स्पर्धा होते. २०२४ साली ती निंबल नावाच्या, बॉर्डर कोली व पॅपिलॉन यांच्या संकरातून झालेल्या कुत्रीने जिंकली. ती १२ इंची उडीच्या गटातली होती. संकरित कुत्र्याने आणि त्या गटातल्या कुत्र्याने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ.