म्हातारीचा दात आणि राऊटरची भेट

आपल्या एका बचतगटाकडून प्रश्न आला आहे. गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून आली. दसऱ्याला तिला साडी न देता राऊटर मशीन द्यायचं गटाने ठरवलंय, तर कोणतं घ्यावं? सांगते. पण आधी थोडी मागची गोष्ट ऐका, कारण हत्यार कोणाच्या हाती पडतं याचा इतिहास आपल्या बाजूने फारसा गेलेला नाही.

इंटरनेटच्या डब्यालाही राऊटर म्हणतात, तो हा नव्हे. सुताराचा राऊटर म्हणजे हातात धरायची मोटर. तिच्या खाली बोटाएवढं पातं असतं, त्याला बिट म्हणतात. ते मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतं आणि लाकडाची कड गोल करतं, खोबण पाडतं, बिजागरीची खाच काढतं, देव्हाऱ्यावर नक्षीही उठवतं.

वीज नव्हती तेव्हाही खोबणी होत्याच. इंग्लंडमधले सुतार त्यासाठी एक छोटा रंधा वापरत. लाकडाचा ठोकळा आणि मधून खाली डोकावणारं एकच पातं. त्याचं तिकडचं नाव होतं 'म्हातारीचा दात'. बाईच्या नावाचं हत्यार, आणि ते धरणारे हात मात्र पुरुषांचे! पुढे १८८४ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनली कंपनीने हाच रंधा लोखंडात आणला. विजेवर चालणारा राऊटर आला पहिल्या महायुद्धाच्या काळात. न्यूयॉर्क राज्यातल्या आर. एल. कार्टर नावाच्या गृहस्थाने न्हाव्याच्या केस कापायच्या विजेच्या मशीनची मोटर घेतली आणि तिला लाकूड कापणारं पातं जोडलं. ही युक्ती इतकी चालली की दहा वर्षांत लाखभर यंत्रं विकली गेली म्हणतात. १९२९ मध्ये तो धंदा स्टॅनलीनेच विकत घेतला.

त्याच सुमारास आपल्याकडे काय होतं? त्र्यंबक नारायण अत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं. त्यातला गाव बलुत्यावर चालणारा आहे. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी यांची कामं त्याने वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर आपलं धान्य घ्यायचं. वाकस, करवत, पटाशी, रंधा ही हत्यारं कोणी कोणाला भेट देत नसे, ती बापाकडून मुलाकडे जात. खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू लावायचं, तेवढा एक दिवस बाईचा हात लागायचा. लेक सासरी निघाली की तिच्यासोबत भांडी जात, वाकस जात नसे. सुताराची लेक वडिलांना लाकूड धरू लागायची, पॉलिश करायची, लाकडाची जात वासावरून ओळखायची. पण सुतार म्हणवून घ्यायला हत्यार स्वतःचं लागतं.

तिकडेही निराळं नव्हतं. इंग्लंडमधल्या चॅटम गावात बेंजामिन सीटन नावाचा तरुण होता. १७९६ मध्ये त्याच्या वडिलांनी लंडनच्या दुकानातून त्याला हत्यारांचा पूर्ण संच घेऊन दिला, आणि ती हत्यारं ठेवायला मुलाने स्वतः सुरेख पेटी बनवली. ती पेटी आजही रॉचेस्टरच्या संग्रहालयात आहे, किमतींच्या यादीसकट. हत्यारं इतकी चांगली का राहिली? कारण ती फारशी वापरलीच गेली नाहीत. अभ्यासकांना त्या पेटीचं फार कौतुक. मला मात्र ती बघून वाटतं की घरात ज्याला नको होतं त्याला सगळं मिळालं, आणि ज्यांना कदाचित हवं असेल त्यांना कोणी विचारलंही नाही.

बायकांना यंत्रं मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात, नाइलाज म्हणून. ब्रिटनमध्ये पुरुष लढाईवर गेले आणि डिसेंबर १९४१ मध्ये बायकांनाही सक्तीने कामावर घेण्याचा कायदा झाला. मॉस्किटो नावाचं लढाऊ विमान तेव्हा चक्क लाकडाचं बनत होतं. अॅल्युमिनियमची टंचाई होती, म्हणून खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्या कारखान्यांत त्याचे भाग तयार होत, आणि तिथे लाकूड कापायला, चिकटवायला, यंत्र चालवायला बायका होत्या. अशी साडेसात हजारांहून जास्त विमानं झाली. त्यांच्या हाताला यंत्र झेपत नाही असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बहुतेक जणींना घरी जा म्हणून सांगितलं गेलं.

लगेच पुढची गंमत बघा. १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकर कंपनीने घरगुती वापरासाठी स्वस्त ड्रिल मशीन बाजारात आणलं. युद्धाच्या कारखान्यांतले कामगार मशीन घरी नेतात, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून विजेचं हत्यार ही भेट द्यायची वस्तू झाली. जाहिरातीत बायको हसत हसत नवऱ्याला मशीन देते आहे. देणारी बाई, घेणारा पुरुष!

आपल्याकडे १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. चांगली योजना आहे, पण लाभ एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. घरातून एकच नाव द्यायचं म्हटलं की कोणाचं जातं, ते मी सांगायला नको. म्हणून गटाने ही भेट ठरवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता निवडीचं. राऊटर मोठा आणि लहान असे दोन प्रकारचे. लहानाला दुकानात ट्रिमर म्हणतात. तो दीड-दोन किलोचा असतो, एका हातात मावतो. कड गोल करणं, सनमायका छाटणं, बिजागरीची खाच ही कामं त्यावर होतात. मोठा दोन मुठींचा, वजनाने दुप्पट-तिप्पट. दाराचं पॅनेल, जाड लाकडातली खोल खोबण त्याच्याशिवाय जमत नाही. पैसे जमलेत म्हणून मोठाच घेऊ, असं करू नका. मुलीला विचारा, पहिलं वर्षभर कुठलं काम मिळणार आहे? देव्हारे, चौरंग, फ्रेम असतील तर ट्रिमर पुरतो. नाहीतर जड मशीन घरात पडून राहील, सीटनच्या पेटीसारखं.

बिटची दांडी ज्यात बसते त्याला कॉलेट म्हणतात. तिथे फसायला होतं. सहा मिलिमीटर आणि पाव इंच दिसायला सारखेच, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये सहाची दांडी सैल बसते आणि चालू मशीनमधून बिट सुटलं तर डोळाच जायचा. मशीन आणि बिट एकाच मापाचे घ्या. सगळे पैसे मशीनवर घालू नका. कार्बाइडच्या टोकाचे तीन-चार चांगले बिट, चष्मा आणि मास्क यांना राखून ठेवा. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात गेला तर कर्करोग होऊ शकतो, मास्क त्यासाठी. काम करताना पदर किंवा ओढणी खोचलेली, बांगड्या काढलेल्या, वेणी बांधलेली. बिट बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.

तालुक्याला दुरुस्ती होते का, मोटरचे कार्बन मिळतात का, हे आधीच विचारून या. बिलावर गटाचं नाव नको, भावाचं तर नकोच. त्या मुलीचं पूर्ण नाव आणि मशीनवरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. आणि दुकानात तिला सोबत न्या. मशीन तिने स्वतः हातात धरून, चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.