अथणीची कोल्हापुरी

१९७८-७९ च्या सुमारास अथणीच्या आठवडी बाजारात चपलांचे दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेले गोणपाट असे. त्यावर जोड मांडलेले, शेजारी तेलाची वाटी, मागे कारागीर स्वतः. गिऱ्हाईक बघून तो कधी कानडीत, कधी मराठीत भाव सांगे. वडील जोड वाकवून पाहत आणि घासाघीस करीत. तो म्हणे, "अण्णा, महिनाभर घालून बघा, मग पैशाचं बोला."

जोडामागचे कष्ट गोणपाटावर दिसत नसत. बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात कातडे कमावायचे, त्यातच कितीतरी दिवस जात. तळ म्हशीच्या कातड्याचा. खिळा कुठेच नाही, तळाची शिवण कातडी वादीची. पट्ट्यावरची वेणी आणि नाजूक काम बहुधा घरातल्या बायकांचे. बाजारात बसे तो पुरुष. त्यामुळे कारागीर म्हटले की आम्हांला तोच आठवतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला, कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. आमच्याकडच्या चपला मात्र कोल्हापूरच्या दुकानांत जातच राहिल्या आणि तिथे पोचल्या की 'कोल्हापुरी' होत. शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला होता, त्यामुळे नावाला मान होता, हे खरेच. पण नाव पडले ते पेठेचे.

मीही फसलो. पहिल्या पगारातून मुद्दाम कोल्हापुराहून 'अस्सल' जोड आणला. आमच्या मागच्या गल्लीतल्या कारागिराने तो उलटा केला, शिवणीवर बोट फिरवले आणि हसला. "मास्तर, ही वेणी आमच्या घरातली." मी जवळजवळ दीडपट पैसे मोजले होते!

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ते घेतले. सीमाप्रश्नात न जमलेली गोष्ट चपलेने जमवली, असे मी वर्गात सांगतो, मुले हसतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने तसल्याच चपला मांडल्या, तेव्हा गाजावाजा झाला तो पुन्हा कोल्हापूरच्या नावाने.

त्या कारागिराचा नातू आमच्या शाळेत नववीत आहे. गेल्या दिवाळीला मी त्यांच्या घरूनच जोड घेतला, भाव केला नाही. त्याच्या आजीने तो पिशवीत घालून दिला. पिशवीवर छापले होते : 'अस्सल कोल्हापुरी'.