सात वेळा बटण

आमच्या पिंप्राळ्यात माळेचं बटण दाबणं हे घरातल्या सगळ्यात लहान पोराचं काम. दिवाळीत ओट्यावर माळ टांगली की वायरीला ती डबी लोंबायची, आठ चालींची. चालू केली की माळ नेहमी पहिल्या चालीवर यायची, म्हणजे सगळ्या चाली एकामागून एक. आजीला त्या लपलपीनं गरगरायचं. तिला माळ शांत हवी असायची आणि शांत म्हणजे आठवी चाल. म्हणून सात वेळा बटण दाबायचं. तेवढ्यात लाईन जायची, पाच मिनिटांनी यायची, आणि माळ पुन्हा पहिल्या चालीवर. चढा परत स्टुलावर.

डबीला आठवण नव्हती. वीज गेली की तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. पण तारेतून येणारी वीज कशी आहे, हे घरातल्या कुठल्याही वस्तूच्या आधी तिलाच कळायचं. विजेचा इतिहास आपण धरणं, संच आणि मेगावॉटमध्ये वाचतो. माळेवरूनही तो वाचता येतो.

सुरुवात दूरवर होते. १८८२ च्या डिसेंबरात एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळचं झाड सजवलं. लाल, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब. झाडाखाली मोटर होती. झाड फिरायचं तशा दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या जोडल्या-तुटल्या जायच्या आणि रंग पाळीपाळीनं पेटायचे. आपल्या डबीचा पणजोबा तो हाच. त्याच १८८२ मध्ये मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. पण पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि मार्केटात पुन्हा गॅसबत्त्या आल्या. बल्ब आणणं सोपं होतं, रोज वीज पुरवणं अवघड होतं.

जॉन्सनचीच युक्ती पुढे आपल्या गणपतीच्या मंडपांत आली. मोटरवर फिरणारा ढोल, त्यावर पट्ट्या, पट्ट्यांना घासणाऱ्या पत्र्याच्या जिभा. ढोल फिरला की कमानीवरचं चक्र फिरल्यासारखं दिसायचं. जिभांवर ठिणग्या उडायच्या, आणि आम्ही पोरं मूर्ती सोडून पडद्यामागे तेच बघत बसायचो. त्या ढोलाला विजेची फारशी पर्वा नव्हती. दाब कमी झाला तर दिवे मंद व्हायचे, पण चाल बिघडायची नाही.

मंद मात्र भलतेच व्हायचे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनुसार घरच्या विजेचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त वर-खाली जायला नको होता. म्हणजे २३० व्होल्ट धरले तर २१६ ते २४४. डीपीपासून शेवटच्या खांबावर राहणाऱ्याला हा नियम सांगून बघा! संध्याकाळी तिथं १८० आले तरी लोक ‘आज लाईट बरी आहे’ म्हणायचे. तारेच्या बल्बचा हिशेब क्रूर असतो. दाब जेमतेम पाचवा भाग घटला की उजेड निम्म्याहून खाली येतो. उलट दाब दहा टक्के वाढला तर बल्बचं आयुष्य तिसऱ्या भागावर येतं. म्हणून माळा संध्याकाळी मिणमिणायच्या आणि मध्यरात्रीनंतर, गाव झोपल्यावर दाब चढला की उडायच्या.

मग ती डबी आली. उघडून बघितली असेल तर आठवेल: चार डायोड, तीन-चार थायरिस्टर, एक तापणारा रेझिस्टर आणि काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली दडलेली चिप. ट्रान्सफॉर्मर नाही, आडोसा नाही, तारेतली वीज थेट अंगावर. आणि घड्याळही त्या तारेतूनच घेतलेलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पालटते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते. हळूहळू उजळणाऱ्या चालीत चिप त्या शून्याची वाट बघते. शून्यानंतर लगेच दार उघडलं तर माळ लख्ख, उशिरा उघडलं तर मंद. अख्खी जादू एवढीच. पण तो शून्य जागेवर सापडला पाहिजे.

तो सापडायचाच असं नाही. १ जुलै २००२ ला पश्चिमेकडच्या राज्यांत विजेच्या देवाणघेवाणीची नवी दरपद्धत सुरू झाली. तोवर ग्रीडचा ठोका ५० वरून घसरत ४८ च्या आसपास जाणं नवलाचं नव्हतं. ४८ ला चालणारं विजेचं घड्याळ तासाला जवळजवळ अडीच मिनिटं मागे पडतं. नव्या पद्धतीत ठोका खाली असताना जादा वीज ओढणाऱ्याला महाग पडू लागलं आणि ठोका सुधारला. शिस्त लागली ती बिलामुळे.

ठोका सुधारला, पण वीज पुरेना. २००५ मध्ये वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण आली आणि पुढची सात-आठ वर्षं महाराष्ट्रानं भारनियमनात काढली. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्याचा गट खालचा आणि अंधार मोठा. दोष शेजाऱ्याच्या आकड्याचा, पण अंधार बिल भरणाऱ्यालाही. खेड्यांत थ्री फेज बंद ठेवून घरांपुरती सिंगल फेज सोडायची पद्धत आली. ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावांनी संध्याकाळी मोटारी आणि चक्क्या बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात दिवे मिळवायचे. मला यातलं सगळ्यात जास्त खुपलं ते दीपनगर. भुसावळजवळ १९६८ पासून वीज बनवणारं केंद्र, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, नावातच दिवा. पण वीज शेजारधर्म पाळत नाही. ती ग्रीडला जाते आणि तिथून ज्याचा गट वरचा त्याच्याकडे.

त्या वर्षांत मंडळांनी जनरेटर आणले आणि डब्या वेड्या झाल्या. आरतीच्या स्पीकरवर ढोलाचा दणका बसला की इंजिनाचा दम जायचा, ठोका डगमगायचा, लाटेला दाते पडायचे. चिपला नको तिथं शून्य दिसायचे आणि सावकाश उजळणारी माळ थरथर कापायची. लोक डबीला शिव्या द्यायचे, ‘चायना माल’ म्हणून. माल स्वस्तातला होता हे खरं, पण ती फक्त तारेत काय चाललंय ते सांगत होती.

एका नवरात्रात आमच्या गल्लीत न्यूट्रल तुटला. तो तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटले जातात आणि ज्याच्याकडे भार कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. ज्या घरी कूलर आणि फ्रिज चालू होते तिथं दिवे मंद झाले. ज्या घरी फक्त माळ लावलेली होती तिथं डबी फुटली. त्या रात्री सगळ्यात जास्त नुकसान कमी वीज वापरणाऱ्यांचं झालं. सकाळी वायरमननं तार जोडली. डब्यांचे पैसे कोण देणार, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन नवे संच आले, भारनियमन हळूहळू ओसरलं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेचं ग्रीड जोडलं गेलं आणि सगळ्या देशाचा ठोका एक झाला. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशानं नऊ मिनिटं दिवे विझवले तेव्हा मागणी ३१ हजार मेगावॉटनं कोसळली. तरी ठोका ४९.७० ते ५०.२६ च्या आतच राहिला. आता एलईडीच्या माळा अ‍ॅडॅप्टरवर चालतात. त्यांना १८० काय नि २५० काय, सारखंच. काही डब्या तर शेवटची चाल लक्षातही ठेवतात.

जुन्या डब्या मात्र गल्लीत अजून आहेत. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. उंच रथ तारांखालून न्यायचा म्हणून लाईन बंद करतात. रथ पुढे सरकतो आणि लाईन परत येते. त्या क्षणी सगळ्या घरांवरच्या जुन्या माळा एकदमच पहिल्या चालीवर सुरू होतात. काही सेकंद अख्खी गल्ली एका तालात पेटते आणि विझते. मग एखादी मागे पडते, एखादी पुढे जाते. तेवढ्यात कुठल्यातरी ओट्यावर एक पोरगं स्टुलावर चढतं.