साप चावला तर आधी धावतात ते गुरुजी

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. राधानगरीचं धरणही त्यांचंच स्वप्न. वाडीवस्तीवरची मुलं शाळेत येऊ लागली आणि त्यांना दुखलं-खुपलं तर आधी धावणारे झाले गुरुजी. डॉक्टर लांब असायचे.

धो-धो पावसाच्या, जंगलालगतच्या आपल्या भागात मोठी भीती सर्पदंशाची. विषावर उतारा देणारं औषध १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालं. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ते बनू लागलं. पण प्रथमोपचार जुनेच राहिले. घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चिरा, विष चोखा, असंच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं.

आज आम्ही डॉक्टर यातलं काहीच करू नका म्हणतो. घट्ट दोरीने रक्तपुरवठा थांबून पाय गमवावा लागू शकतो. चिरल्याने रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

२०२० मध्ये आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी शाळांतल्या दोन-दोन शिक्षकांना आरोग्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पण वैद्यकाचा सल्ला बदलतो, म्हणून एकदा शिकून भागत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी उजळणी हवी.

पालकहो, शाळेत गेलात की एवढं विचारा: मुलाला धीर देऊन, चालू न देता, चावलेला हात-पाय स्थिर ठेवून, १०८ला फोन करून थेट रुग्णालयात कोण नेणार? आणि प्रतिविष जवळ कुठे मिळतं, हे त्यांना माहीत आहे ना?