साखळी सामन्यांचे समचयशास्त्र

साखळी सामने : ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येक संघाशी ठरावीक वेळा, बहुधा एकदा किंवा दोनदा, खेळतो ती साखळी स्पर्धा. हरला की घरी, ही बाद पद्धत तिच्या अगदी उलट. साखळीत सामने किती होतील, ते किती दिवसांत बसतील, कोणता गुणतक्ता निघू शकतो आणि कोणता निघूच शकत नाही, किती विजय झाले की पुढची फेरी पक्की, हे सगळे प्रश्न मोजणीचे आहेत. गणिताच्या ज्या शाखेत ते येतात तिला समचयशास्त्र म्हणतात. पहिला चेंडू पडण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन यांतली बरीच उत्तरे काढता येतात. संयोजकांनी ती काढून ठेवली तर शेवटच्या दिवशी मंडपात होणारी निम्मी भांडणे होणारच नाहीत.

भातकापणी उरकून शेते मोकळी झाली की बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातल्या गावांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. या गावोगावच्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात, आणि त्याचे कारण साधा हिशेब सांगतो. बाद स्पर्धेत प्रत्येक सामना एकाच संघाला बाहेर काढतो आणि शेवटी एकच संघ उरायचा असतो. म्हणून १६ संघांना १५ सामने पुरतात. साखळीत मात्र प्रत्येक जोडीची गाठ पडावी लागते. न संघ असतील तर जोड्या न(न−१)/२, म्हणजे १६ संघांच्या १२०. संघ दुप्पट झाले की सामने जवळजवळ चौपट होतात. एका मैदानावर, एका शनिवार-रविवारी हे बसत नाही. तरीही एका वाईट षटकापायी सकाळी नऊलाच परत फिरलेल्या संघाकडे पाहिले की साखळीचे मोल कळते. सगळ्यांशी खेळून ठरलेला क्रम हाच जास्त न्यायाचा. प्रश्न फक्त तो परवडावा कसा, एवढाच.

संघ थोडे असले तर परवडतो. समजा सोनिवली, बेलवली, मांजर्ली, वालिवली, एरंजाड आणि शिरगाव या बदलापूर परिसरातल्या ६ गावांनी साखळी खेळायची ठरवली. सामने १५. एका रविवारी ३ सामने झाले आणि प्रत्येक गाव त्या दिवशी एकदाच उतरले, तर ५ रविवारांत स्पर्धा आटोपते. याहून कमी फेऱ्यांत ती होणे शक्य नाही, कारण प्रत्येक गावाला ५ प्रतिस्पर्धी आहेत. पण पाचच फेऱ्यांत ती नक्की बसते का? अंदाजाने जोड्या पाडत गेले तर चौथ्या रविवारी अडू शकते : उरलेली दोन गावे आधीच एकमेकांशी खेळून झालेली असतात.

यावरचा उपाय शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत चक्राकार पद्धत या नावाने असतो. एका गावाला जागेवर बसवायचे आणि बाकीच्या पाचांना वर्तुळात फिरवायचे. सोनिवली स्थिर ठेवून पहिल्या रविवारी सोनिवली-बेलवली, मांजर्ली-शिरगाव, वालिवली-एरंजाड. वर्तुळ एक घर सरकवले की दुसऱ्या रविवारी सोनिवली-मांजर्ली, वालिवली-बेलवली, एरंजाड-शिरगाव. तिसऱ्याला सोनिवली-वालिवली, मांजर्ली-एरंजाड, बेलवली-शिरगाव. चौथ्याला सोनिवली-एरंजाड, वालिवली-शिरगाव, मांजर्ली-बेलवली. पाचव्याला सोनिवली-शिरगाव, एरंजाड-बेलवली, वालिवली-मांजर्ली. एकही जोडी दोनदा आली नाही, एकही सुटली नाही. संघ विषम असले, समजा ५ किंवा ७, तर एक खोटा संघ मांडायचा. ज्याची गाठ त्याच्याशी पडेल त्याला त्या दिवशी विश्रांती. म्हणून ५ संघांनाही ५ फेऱ्याच लागतात, ६ संघांपेक्षा एकही कमी नाही. पाच संघांवर प्रवेश बंद करणाऱ्या संयोजकाने हे ध्यानात घ्यावे : सहावे गाव घेतले तर एकही दिवस वाढत नाही.

या मांडणीचे मूळ थॉमस कर्कमन या इंग्रज पाद्र्याच्या १८४७ च्या लेखात सापडते. बुद्धिबळात असे तक्ते रिचर्ड शूरिग यांनी १८८६ मध्ये छापले आणि ऑस्ट्रियाचे बुद्धिबळपटू योहान बर्गर यांच्यामुळे ते रूढ झाले. आजही त्यांना बर्गर तक्ते म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेली महिलांची फिडे ग्रां प्री अशीच १० खेळाडूंची साखळी होती : ९ फेऱ्या, रोज ५ डाव, एकूण ४५. त्यात कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनेर यांचे गुण सारखेच झाले आणि विजेतेपद टायब्रेकवर हंपीकडे गेले.

चक्राकार पद्धत सोपी आहे, पण निर्दोष नाही, आणि हा दोष सहसा कोणी पाहत नाही. वरचे पाच रविवार पुन्हा वाचावेत. वालिवली पहिल्या रविवारी एरंजाडशी खेळते आणि दुसऱ्या रविवारी बेलवलीशी. शिरगाव दुसऱ्या रविवारी एरंजाडशी, तिसऱ्याला बेलवलीशी. मांजर्ली तिसऱ्याला एरंजाडशी, चौथ्याला बेलवलीशी. म्हणजे तीन-तीन गावे एरंजाडच्या हातून निघून थेट बेलवलीच्या पुढ्यात येतात. एरंजाड सगळ्यांत ताकदवान असेल, समोरच्याची दमछाक करणारा संघ असेल, तर त्याचा फायदा आयता बेलवलीला मिळतो आणि बेलवलीला तो मिळाल्याचे कळतही नाही. कबड्डीत हे जास्त जाणवेल, कारण तिथे दुखापत पुढच्या सामन्यापर्यंत सोबत येते. वेळापत्रक एकच असते असे समजू नये. फेऱ्यांचा क्रम बाजूला ठेवला तरी ६ संघांच्या जोड्या फेऱ्यांत वाटण्याचे ६ मार्ग आहेत, ८ संघांचे ६,२४० आणि १० संघांचे १,२२,५५,६६,७२०. निवडीला वाव भरपूर असतो. चिठ्ठ्या टाकून गावांची नावे आकड्यांना जोडणे हा त्यातला किमान प्रामाणिकपणा.

याच मोजणीच्या एका फांदीवर एका मराठी गणितज्ञाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. बदलापूर आणि अंबरनाथ यांच्यात कॅरमची लढत आहे असे धरू, दोन्हीकडून १० खेळाडू, दालनात १० बोर्ड. प्रत्येक बोर्ड वेगळा : कुठे सोंगटी घसरते, कुठे अडखळते. म्हणून अट अशी की १० फेऱ्यांत प्रत्येक बदलापूरकराने प्रत्येक अंबरनाथकराशी एकदा खेळावे आणि दोन्हीकडच्या प्रत्येकाने प्रत्येक बोर्डावर एकदा बसावे. ओळी म्हणजे फेऱ्या, स्तंभ म्हणजे बोर्ड, घरात खेळाडूंची जोडी, असा हा चौरस. गणितात याला परस्परलंब लॅटिन चौरसांची जोडी म्हणतात. लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये ३६ अधिकाऱ्यांच्या कोड्यावर लिहिताना असा कयास मांडला की ६, १०, १४ अशा, ४ ने भागल्यावर २ उरणाऱ्या संख्यांना हे साधतच नाही. सहाच्या बाबतीत ते खरे ठरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गास्तों तारी यांनी सगळ्या शक्यता हाताने तपासून ते दाखवले. ऑयलर यांच्यापासून पावणेदोनशे वर्षे उरलेलाही कयास खरा मानला गेला.

तो १९५९ मध्ये कोसळला. राजचंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ चा चौरस रचून दाखवला, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा, आणि तिघांनी मिळून ६ च्या पुढची प्रत्येक संख्या साधते हे सिद्ध केले. बातमी २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, सागरचा, शिक्षण नागपूरला. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले आणि २१ एप्रिल २०२० रोजी, वयाची शंभरी ओलांडल्यावर, ते गेले. कल्याणहून मुंबई विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या पोरांच्या पिढ्या त्या विभागाच्या पायऱ्या चढल्या. त्यांतल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असायला हवे. ६ विरुद्ध ६ ची वरच्या अटीतली लढत कोणालाही आखता येणार नाही, हे तारी यांच्यामुळे कळले; १० विरुद्ध १० ची येते, हे पार्कर, बोस आणि श्रीखंडे यांच्यामुळे.

सामने झाल्यावर हिशेब संपत नाही. बरोबरी नसलेल्या साखळीत प्रत्येक गावापुढे त्याचे विजय लिहिले तर कोणतीही यादी चालत नाही. ६ गावांच्या तक्त्यात ५, ४, ४, १, १, ० असे विजय लिहिलेले असतील तर बेरीज १५ येते, तक्ता बरोबर वाटतो, पण तो चुकीचा आहे. तळाची तीन गावे आपसांत ३ सामने खेळली. म्हणजे त्यांच्याकडे मिळून किमान ३ विजय हवेत, इथे २ च आहेत. कोणतेही क संघ घेतले तरी त्यांच्या विजयांची बेरीज क(क−१)/२ पेक्षा कमी नको आणि सगळ्यांची मिळून न(न−१)/२ हवी. एवढ्या दोन अटी पाळणारी प्रत्येक यादी प्रत्यक्ष घडू शकते, हे एच. जी. लांडाऊ यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. त्यांचा विषय प्राण्यांच्या कळपातली वरचढपणाची उतरंड हा होता. व्यावसायिक कबड्डीत ही कसोटी जशीच्या तशी लागत नसे. प्रो कबड्डीत २०२४ च्या हंगामापर्यंत जिंकणाऱ्याला ५ गुण, पण ७ किंवा कमी गुणांनी हरणाऱ्यालाही १ मिळत असे, त्यामुळे एकूण बेरीजच पक्की राहत नसे.

क्रिकेटमध्ये ती राहते. आयपीएल २०१९ मध्ये ८ संघ, दुहेरी साखळी, ५६ सामने, प्रत्येकी २ गुण, एकूण ११२. दिल्ली, चेन्नई आणि मुंबई प्रत्येकी १८. हैदराबाद, कोलकाता आणि पंजाब १२. राजस्थान आणि बंगळूर ११, कारण त्यांचा एक सामना पावसाने धुतला. ५४, ३६ आणि २२ : बेरीज ११२. हैदराबाद १२ गुणांवर, सरस धावगतीने, चौथा संघ म्हणून पुढे गेला. त्या रचनेत किती गुण पुरले असते? वरचे पाच संघ तळाच्या तिघांना दोन्ही वेळा हरवतात आणि आपसांत समसमान विजय वाटून घेतात असे धरले, तर पाचांचेही २० गुण होतात आणि एक २० गुणांवर घरी जातो. २२ झाले तरच चिंता नाही. उलट वरचे तिघे बाकीच्यांना सतत हरवत गेले तर ८ गुणांवरही चौथी जागा मिळू शकते. शेवटच्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर छातीठोकपणे सांगितली जाणारी १६ ची रेषा हा केवळ अनुभव आहे.

२०२२ मध्ये १० संघ झाले आणि साखळी सामने मुंबई, नवी मुंबई व पुण्यातच खेळवले गेले : मूळ वेळापत्रकात वानखेडे आणि डी. वाय. पाटील येथे २०-२०, ब्रेबोर्न आणि गहुंजे येथे १५-१५. पूर्ण दुहेरी साखळी ९० सामन्यांची झाली असती. ठेवायचे होते ७०. म्हणून सगळ्या ४५ जोड्या एकदा आणि त्यांतल्या २५ पुन्हा एकदा. पाच-पाचचे दोन गट, गटात सगळे दोनदा, आणि शिवाय दुसऱ्या गटातल्या एकाच ठरलेल्या संघाशी दोनदा : १० + १० + ५. ही पाचची वाटणी ९ संघांत जमलीच नसती, कारण ९ संघांनी प्रत्येकी ५ जोड्या मागितल्या तर ४५ टोके होतात आणि प्रत्येक सामन्याला दोन टोके लागतात.

गावपातळीवर व्यवहार्य तोडगा म्हणजे चारचे गट. ८ गावे, दोन गट, गटात ६-६ सामने, मग दोन उपांत्य आणि अंतिम. एकूण १५, म्हणजे १६ संघांच्या बाद स्पर्धेइतकेच, आणि प्रत्येक गावाला ३ सामन्यांची खात्री. चारच्या गटात बरोबरी नसेल तर निकालांचे ६४ प्रकार. त्यांत २४ वेळा विजय ३, २, १, ० असे पडतात आणि २४ वेळा २, २, १, १. दोन्हींत पुढे जाणारे दोघे कोण हे स्पष्ट असते. ८ वेळा २, २, २, ० होते आणि ८ वेळा ३, १, १, १. म्हणजे चारातली एक वेळ तीन संघ अडकतात, २, २, २, ० मध्ये तर दोन विजय असूनही कोणाला तरी परत जावे लागते, आणि धावगती काढावी लागते. ती कशी काढायची, षटके पूर्ण न खेळता बाद झालेल्या संघाची षटके किती धरायची, हे प्रवेश फी घेतानाच छापील नियमांत लिहिलेले असावे.

गटाची शेवटची फेरी वेगळीच काळजी मागते. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधल्या गिहोन येथे फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला १-० हरवले. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्याच दिवशी संपला होता, आणि या निकालाने युरोपचे दोन्ही संघ पुढे जाऊन अल्जीरिया बाहेर पडले. त्यानंतरच्या विश्वचषकांत गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. तीनच्या गटात हे शक्यच नसते, कारण शेवटच्या फेरीत एक संघ बसून असतो. २०२६ साठी आखलेले तीनचे १६ गट फिफाने २०२३ मध्ये रद्द करून चारचे १२ केले. सोनिवलीच्या एका मैदानावर दोन सामने एका वेळी होत नाहीत. तिथे शेजारच्या कापलेल्या शेतात दुसरी खेळपट्टी आखावी लागते, निदान त्या शेवटच्या दुपारपुरती.